क्वॉरी बँक गिरणी, स्टायल: यंत्रांआधी पाणी बघा

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या दक्षिणेला, चेशर परगण्यातल्या स्टायल गावालगत बॉलिन नदीची एक खोलगट दरी आहे. त्या दरीच्या तळाशी क्वॉरी बँक ही कापसाची गिरणी उभी आहे. सॅम्युअल ग्रेग यांनी १७८४ मध्ये ती सुरू केली. १९५९ मध्ये तिथलं व्यापारी उत्पादन थांबलं. त्याआधीच, १९३९ मध्ये, ग्रेग घराण्याने गिरणी आणि आजूबाजूची जमीन नॅशनल ट्रस्ट या संस्थेला देऊन टाकली होती. आज ते चालत्या यंत्रांचं संग्रहालय आहे. पाणचक्र फिरतं, कार्डिंग यंत्र कापूस विंचरतं, माग खडखडतात. जुन्या कारखान्यांच्या इमारतींमध्ये रस असणाऱ्याने एकच ठिकाण निवडायचं झालं, तर आमच्या मते हेच निवडावं. मात्र ते बघण्याचा क्रम बदलावा लागतो.

बहुतेक जण दारातून आत शिरतात आणि चरखा, हातमाग, कार्डिंग, कताई, विणकाम असे मजले बघत जातात. कापसाचं कापड कसं होतं ते त्यातून उत्तम कळतं. पण ही इमारत इथेच का, एवढी अरुंद आणि उंच का, तिच्याशेजारी मुलांचं वसतिगृह का, टेकडीवर अख्खं गाव का, हे त्या वाटेने कळत नाही. या सगळ्याचं उत्तर पाण्यात आहे. म्हणून तिकीट काढलं की आधी नदीवर जा, वरच्या अंगाला बंधाऱ्यापर्यंत चाला आणि तिथून पाण्याच्या मागोमाग गिरणीत या.

रिचर्ड आर्कराइट यांच्या वॉटर फ्रेमचं, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या कताई यंत्राचं, पेटंट १७६९ चं, ते १७८३ मध्ये संपलं. ज्याच्याकडे भांडवल आणि वाहतं पाणी होतं, त्याला आता परवान्याचे पैसे न भरता यंत्रावर सूत कातता येत होतं. ग्रेग यांचा जन्म बेलफास्टचा, पण ते वाढले मँचेस्टरला, कापडाचा व्यापार करणाऱ्या मामांकडे. त्यामुळे सुताला गिऱ्हाईक कुठे मिळेल हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कमतरता होती ती ओढीच्या पाण्याची. ते बॉलिनच्या या वळणावर मिळालं, मँचेस्टरच्या बाजारापासून साधारण १६ किलोमीटरवर. जागा निवडली ती पाण्याचा उतार पाहून, माणसांची वस्ती पाहून नव्हे. पुढची सगळी अडचण आणि सगळी रचना या एका निर्णयातून आली.

बंधाऱ्याजवळ उभं राहिलं की दिसतं ते एवढंच: नदी अडवली आहे आणि पाणी बाजूला वळवलं आहे. यातली मेख खालच्या टोकाला आहे. पाण्याची ताकद दोनच गोष्टींवर ठरते, किती पाणी येतं आणि ते किती उंचीवरून पडतं. बॉलिन काही मोठी नदी नाही, पाणी वाढवणं हातात नव्हतं. मग उंची वाढवायची. वर बंधारा ठरावीक मर्यादेपलीकडे चढवता येत नाही, कारण मागची जमीन बुडते. म्हणून त्यांनी खाली खणलं. १८१८ च्या सुमारास थॉमस ह्यूज या अभियंत्याने बसवलेल्या मोठ्या चाकासाठी गिरणीच्या तळाखाली खोल खड्डा घेतला गेला. त्यातून बाहेर पडणारं पाणी नदीत लगेच सोडता येत नव्हतं, कारण त्या जागी नदीची पातळी चाकाच्या तळापेक्षा वर होती. म्हणून भुयार खणून ते पाणी बरंच पुढे, नदी आपसूक खाली उतरते तिथे, जायंट्स कॅसल नावाच्या जागेजवळ परत नदीत सोडलं. एवढ्या खटाटोपाने हाती आला ३२ फुटांचा उतार.

त्या चाकाची ताकद १०० अश्वशक्ती सांगतात. हा आकडा पडताळून बघता येतो. १०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७५ किलोवॉट. ३२ फूट म्हणजे पावणेदहा मीटर. चांगल्या लोखंडी चाकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर सेकंदाला सुमारे १,१०० लिटर पाणी लागतं. पुन्हा बंधाऱ्यावर उभं राहून विचार करा: दर सेकंदाला एका टनाहून जास्त वजनाचं पाणी, दिवसाचे बारा तास. उन्हाळ्यात नदी आटली की हे जमत नसे. म्हणून १८१० मध्येच बोल्टन आणि वॅट यांचं १० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन मदतीला आणलं होतं, पुढे आणखी एक आलं. गिरणीची उंच चिमणी बघून वाफेने पाण्याला हटवलं असं वाटतं. इथे तसं झालं नाही. वाफ ही पाण्याची राखीव जोडीदार होती. कोळसा विकत घ्यावा लागे, पाणी फुकट होतं. १९०४ नंतर चाकाची जागा घेतली तीही पाण्याच्याच टर्बाइननी.

आता चाकाच्या दालनात उतरा. पायऱ्या ओल्या असतात आणि खाली थंडावा असतो, चांगल्या तळाचे बूट हवेत. इथे एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: समोर फिरणारं चाक ह्यूज यांचं नव्हे. मूळ चाक टर्बाइन आल्यावर गेलं. हे चाक यॉर्कशायरमधल्या पेटली ब्रिजजवळच्या ग्लासहाउसेस मिलमधून आणून १९८० च्या दशकात इथे बसवलं. ते विल्यम फेअरबेर्न यांच्या आराखड्याचं आहे, आणि फेअरबेर्न यांनी तरुणपणी ह्यूज यांच्याकडेच काम केलं होतं. म्हणजे चाक दत्तक असलं तरी घराणं तेच. व्यास सुमारे २४ फूट, वजन ५० टनांच्या घरात. मूळ चाक याहून उंच होतं, तेव्हा समोर दिसतं त्याच्या वर आणखी आठ फूट मनाने जोडून घ्यायचे.

चाकाचे आरे नीट बघा. एवढ्या वजनाच्या मानाने ते फारच बारीक, सळयांसारखे वाटतात. जुन्या लाकडी चाकात ताकद आसातून घ्यायचे. पाणी कडेला ढकलायचं, तो जोर आऱ्यांतून आसाकडे जायचा आणि आस यंत्रं फिरवायचा. म्हणून आरे आणि आस दोन्ही ओंडक्यासारखे जाड लागत. ह्यूज यांच्या धर्तीच्या चाकात कडेलाच दात बसवलेले असतात आणि त्यात एक छोटं दातेरी चाक गुंतवलेलं असतं. ताकद जिथे निर्माण होते तिथूनच, कडेवरूनच, काढून घेतली जाते. आऱ्यांना फक्त चाकाचं वजन आसावर तोलून धरायचं असतं, सायकलच्या चाकातल्या तारांसारखं. दुसरा फायदा वेगाचा. मोठं चाक मिनिटाला जेमतेम तीन-चार फेरे घेतं, वरच्या मजल्यांवर यंत्रं फिरवणाऱ्या दांड्यांना, म्हणजे शाफ्टना, मात्र त्याच्या कित्येक पट वेग लागतो. मोठ्या कडेवरून लहान दातेरी चाकावर आलं की पहिल्याच टप्प्यात वेग पुष्कळ वाढतो. जिथे हे दात गुंततात ती जागा शोधा आणि तिथे पाच मिनिटं थांबा. संपूर्ण गिरणी त्या चार-पाच दातांवर चालायची.

फेअरबेर्न यांनी आणखी एक सुधारणा केली, ती चाकाच्या कडेवर पाणी धरणाऱ्या पेट्यांमध्ये. बंद पेटीत पाणी ओतलं की आतली हवा अडकते आणि पाणी उसळून बाहेर सांडतं. त्यांनी पेटीच्या मागच्या बाजूला हवेला वाट ठेवली. पाणी भरताना हवा निघून जाते आणि खाली रिकामं होताना हवा आत येते, म्हणून पाणी पेटीला चिकटून वर ओढलं जात नाही. चाक चालू असताना आवाजाकडे लक्ष द्या. धबधब्यासारखा गोंगाट नसतो, दमदार सळसळ असते. पाणी जितकं कमी आपटतं, तितकी ताकद कमी वाया जाते.

चाक फिरत नसेल तर पाहण्यातली अर्धी मजा जाते, म्हणून निघण्याआधी चौकशी करा. चाक थांबण्याची कारणं दोन टोकांची असतात. पाणी कमी असलं की ते थांबतं हे उघड आहे. पूर आला तरी ते थांबतं, हे मात्र लोकांना पटत नाही. नदी चढली की बाहेर जाणारं पाणी तुंबतं आणि खड्ड्यात मागे भरतं. चाकाचा खालचा भाग त्यात बुडाला की वरून पडणारं पाणी ढकलतं आणि खालचं पाणी अडवतं. तिसरा त्रास गाळाचा. बंधाऱ्यामागचं तळं गाळाने भरत जातं आणि पाणी साठवण्याची जागा कमी होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या गिरणीला त्याचा चांगलाच जाच झाला.

वर येऊन इमारत बाहेरून बघा. ती एका दमात बांधलेली नाही. १७८४ ची मूळ गिरणी लहान होती. १७९६ मध्ये पीटर युअर्ट हे अभियंते भागीदार म्हणून आले तेव्हा लांबी वाढली आणि वर पाचवा मजला चढला. १८१७ ते १८२० मध्ये, मोठ्या चाकाबरोबर, आणखी एक भाग जोडला गेला. १८३० च्या दशकात यंत्रमाग आले तेव्हा विणकामासाठी वेगळ्या जागा झाल्या. कोणत्याही जुन्या गिरणीची वाढ ओळखायची रीत इथे सरावाला घ्या: खिडक्यांच्या ओळी कुठे वर-खाली होतात, विटांच्या थरांत सरळ उभा सांधा कुठे दिसतो, विटेचा रंग आणि जाडी कुठे बदलते. भिंत नंतर जोडली असेल तर थर एकमेकांत गुंतत नाहीत, शिवण दिसतेच.

अरुंदपणाचं कारण साधं आहे. दिवसाचा प्रकाश खिडकीतून जेवढा आत जातो तेवढीच कामाची रुंदी. शिवाय लाकडी तुळई दोन भिंतींच्या मध्ये फार लांब टाकता येत नाही. पहिल्या पिढीच्या गिरण्या म्हणून साधारण २५ ते ३० फूट रुंद असतात आणि जागा हवी असेल तर लांब किंवा उंच होतात. उंच झाल्या तर एक उभा शाफ्ट सगळ्या मजल्यांना पुरतो, म्हणून उंची परवडते. धोका आगीचा. लाकडी जमीन तेल पिऊन काळी झालेली, हवेत कापसाचे तंतू, हिवाळ्यात मेणबत्त्या आणि दिवे. त्या काळच्या कित्येक गिरण्या अशाच जळाल्या, आणि त्या धास्तीतूनच श्रूजबरी इथे १७९७ मध्ये ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया वापरलेली गिरणी उभी राहिली. क्वॉरी बँक त्याआधीच्या पिढीची. पायाखालच्या फळ्यांकडे म्हणून जरा आदराने बघा.

आता यंत्रं. चालवणारी माणसं जाणकार असतात आणि प्रश्न विचारले की खुलतात. यंत्रं मात्र वेगवेगळ्या काळातली आणि वेगवेगळ्या गिरण्यांतून आणलेली आहेत. ती सगळी एकाच वेळी इथे चालत होती असा समज करून घेऊ नका. कापसाचा प्रवास समजावा म्हणून ती ओळीने मांडली आहेत, आणि त्या कामाला ती चोख आहेत.

कार्डिंग यंत्रापाशी बघायचं ते असं: मोठ्या नळकांड्यावर बारीक वाकड्या तारा दाट बसवलेल्या असतात. दोन तारी पृष्ठभागांच्या मधून कापूस विंचरला जातो आणि पलीकडून मलमलीसारखा पातळ पापुद्रा निघतो. तो एका भोकातून ओढला की बोटाएवढा जाड, मऊ, पीळ नसलेला पेळू होतो. पेळू एकसारखा नसतो, कुठे जाड तर कुठे बारीक. म्हणून पुढच्या यंत्रात सहा पेळू एकत्र घालतात आणि त्यांना सहापट ताणतात. जाडी पहिल्याइतकीच उरते, पण एकाची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेवर येऊन सगळं सारखं होतं. हे दोन-तीनदा केलं की सूत न तुटता कातता येतं. इथे कंटाळा केला तर पुढच्या प्रत्येक खात्यात धागे तुटतात. गिरणीत काम केलेल्या कुणालाही विचारा, सुताची प्रत कताईत नाही, त्याच्या आधी ठरते.

धूळही इथलीच. आज एक यंत्र थोडा वेळ चालतं, तरी उजेडाच्या झोतात तंतू तरंगताना दिसतात. अशी अनेक यंत्रं, बंद खिडक्या, बारा तास. कार्डिंग खात्यातल्या कामगारांना छाती भरून येण्याचा जो आजार जडायचा त्याला बिसिनोसिस म्हणतात. रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर आलं की तो सगळ्यात जास्त जाणवायचा, म्हणून त्याला सोमवारचा ताप असंही नाव पडलं.

म्यूल हे कताईचं यंत्र आमच्या मते संग्रहालयातलं सगळ्यात मोलाचं प्रात्यक्षिक. सॅम्युअल क्रॉम्प्टन यांनी ते १७७९ मध्ये बनवलं, रिचर्ड रॉबर्ट्स यांनी पुढे १८३० पर्यंत ते आपोआप चालणारं केलं. चात्यांची, म्हणजे सूत पिळून गुंडाळणाऱ्या फिरत्या काड्यांची, लांबच लांब गाडी रुळांवर पाच फुटांच्या आसपास बाहेर येते. ती येत असताना मागचे रोलर कापूस सोडत असतात, चात्या फिरून पीळ देत असतात आणि धागा ताणला जात असतो. गाडी टोकाला पोचली की रोलर थांबतात. चात्या क्षणभर उलट्या फिरतात, म्हणजे टोकाला गुंडाळलेला धागा सुटतो. वरून एक तार खाली येते, धाग्यांची सगळी रांग दाबून धरते, आणि गाडी मागे जाताना कातलेलं सूत चातीवर गुंडाळलं जातं. हे सगळं मिनिटात तीन-चार वेळा. ती खाली येणारी तार आणि उलटा फिरण्याचा क्षण चुकवू नका. रॉबर्ट्स यांचं खरं कसब तिथे आहे, कारण गुंडाळी जाड होत जाते तसा चातीचा वेग बदलावा लागतो, नाहीतर सूत एकतर सैल पडतं किंवा तुटतं.

तुटलेला धागा जोडायला गाडी थांबवत नसत. जोडणारा पोरगा गाडीबरोबर मागेपुढे चालत, ती रोलरांजवळ असताना वाकून, अंगठा आणि तर्जनीत दोन टोकं घेऊन पीळ द्यायचा. त्याहून लहान पोर ताणलेल्या धाग्यांच्या खाली सरपटत जाऊन पडलेला कापूस गोळा करायचं. गाडी परत येण्याआधी बाहेर पडायचं. उंची किती हे बघायला यंत्राजवळ गुडघ्यावर बसा. मग त्या वयाची मुलंच या कामाला का लागत, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मागांच्या खात्यात जाण्याआधी लहान मुलांच्या कानांची सोय करा. इथले लँकेशर माग मिनिटाला १८० च्या आसपास वेळा धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी लाकडी नळी, फेकतात, म्हणजे सेकंदाला तीनदा. मोजके माग चालू केले तरी बाजूच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मागवाल्या बायका ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, त्या बोलीला मी-मॉ म्हणत. इंचाला ५० आडवे धागे असतील तर या वेगाने मिनिटाला साडेतीन इंच कापड होतं. म्हणूनच एका विणकराकडे चार माग देत. या मागाची खोड अशी की बाण्याचा, म्हणजे आडवा, धागा तुटला तर तो आपोआप थांबतो, ताण्याचा, म्हणजे उभा, तुटला तर थांबत नाही. नजर हटली की कापडात लांबच लांब रेघ पडते आणि दंड विणकराला. धोटा मधेच अडकला तर फणी त्यावर आदळून ताण्याचे शेकडो धागे तुटू शकतात, म्हणून धोटा पेटीत पोचला नाही तर माग धाडकन बंद पाडणारी दांडी असते. चालवणाऱ्याला ती दाखवायला सांगा.

धोटा हातात मिळाला तर त्याचं छिद्र बघा. नवी कांडी भरली की धागा त्या छिद्रातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून ओढून घ्यायचा. धोट्याचं चुंबन असं गोड नाव होतं त्याला. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला, त्यावर तेल आणि कापसाची धूळ. दात किडायचे आणि एकाचा आजार दुसऱ्याला व्हायचा.

अमेरिकी यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, लँकेशर या शेजारच्या कापडगिरण्यांच्या परगण्याला अमेरिकेचा कापूस मिळेना तेव्हा आपल्याकडचा आखूड धाग्याचा सुरती कापूस वापरावा लागला. तिथले विणकर त्याला वैतागले, कारण आखूड धाग्याचं सूत सारखं तुटतं. पेळू आणि पीळ समजून घेतल्यावर ही तक्रार खरी होती हे पटतं. आणि आधीच्या कापसाबद्दलही एक गोष्ट डोळ्याआड करू नये. तो गुलामांनी वेचलेला होता. खुद्द सॅम्युअल ग्रेग यांच्या मालकीचा डोमिनिका बेटावर हिल्सबरो नावाचा मळा होता आणि तिथे गुलाम राबत. ग्रेग यांना दयाळू मालक म्हणून नुसतं गौरवणारी माहिती कुठे वाचली तर ही ओळ तिच्याशेजारी ठेवावी.

पुन्हा पाण्याकडे. दरीत वस्ती नाही, गिरणीला तर हात हवेत, तेही लहान आणि चपळ. उत्तर होतं वर्कहाउसमधली, म्हणजे सरकारी गरीबगृहांतली, निराधार मुलं. गरिबांचा भार उचलणाऱ्या पॅरिशला, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागाला, त्यांना पोसण्याचा खर्च वाचायचा, गिरणीला करारावर बांधलेले उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस, मिळायचे. १७९० मध्ये त्यांच्यासाठी अप्रेंटिस हाउस बांधलं. तिथे ९० च्या आसपास मुलं राहत, त्यात मुली जास्त. गिरणीपासून चालत थोड्या अंतरावरचं हे घर चुकवू नका. ते मार्गदर्शकाबरोबर, ठरावीक वेळेला, मोजक्या माणसांनाच दाखवतात. म्हणून आल्याबरोबर त्याची वेळ राखा आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा.

घरात झोपायची खोली, शिकण्याची खोली, स्वयंपाकघर आणि औषधांची जागा दिसते. पलंग मोजा आणि दुपटीने मुलं धरा, एकेका पलंगावर दोघं. ही कंजुषी नव्हे, कायदाच तसा होता. १८०२ च्या उमेदवार मुलांच्या कायद्याने एका पलंगावर दोघांपेक्षा जास्त नकोत, मुलं आणि मुली वेगळ्या खोल्यांत हव्यात, दिवसाला १२ तासांपेक्षा जास्त काम नको, वर्षातून दोनदा चुन्याची सफेदी हवी आणि वर्षाला एक नवा कपड्यांचा जोड हवा, असं घालून दिलं. दोघांची परवानगी द्यावी लागली यावरून इतर ठिकाणी काय होतं ते ओळखावं. गिरण्यांच्या आतल्या भिंती पांढऱ्या दिसतात त्यामागेही याच कायद्याची सवय आहे.

क्वॉरी बँक इतरांपेक्षा बरी होती, हे खरं आहे. नट्सफर्डचे डॉक्टर पीटर हॉलंड यांना मुलं तपासण्यासाठी नेमलं होतं, कारखान्याने डॉक्टर नेमल्याचं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण. ग्रेग यांच्या पत्नी हॅना मुलांच्या शिक्षणात लक्ष घालत. पण बारा तासांच्या कामानंतरचा तो अभ्यास. १८०६ मध्ये थॉमस प्रीस्टली आणि जोसेफ सेफ्टन हे दोन उमेदवार इथून पळून थेट लंडनला गेले. थॉमसचं बोट यंत्रात तुटलं होतं आणि त्याला आईला भेटायचं होतं. तिथे न्यायाधीशांपुढे त्यांनी इथल्या दिनक्रमाची जबानी दिली, आणि आज मुलांच्या खाण्यापिण्याबद्दल, झोपण्याबद्दल जे कळतं त्यातलं बरंचसं त्या जबानीतून. १८३६ मध्ये लिव्हरपूलहून आलेली एस्थर प्राइस पळाली. परत आल्यावर तिला कोंडून ठेवलं. पुढे तिने बाप्तिस्म्याचा दाखला मिळवून आपलं खरं वय सिद्ध केलं, कारण वय जास्त निघालं तर करार लवकर संपतो. मार्गदर्शकाने हे दोन्ही प्रसंग सांगितले नाहीत तर आवर्जून विचारा. उमेदवारीची ही पद्धत इथे १८४७ मध्ये बंद झाली. तोवर कुटुंबांनी राहायला स्टायलमध्ये घरं बांधली गेली होती, म्हणजे हात मिळवायची दुसरी सोय झाली होती.

जाण्यायेण्याचं थोडक्यात. जवळचं सोयीचं मोठं रेल्वे स्थानक विल्म्स्लो, तिथून थोड्याच किलोमीटरवर. मँचेस्टरचा विमानतळ इतका जवळ आहे की विमानं डोक्यावरून जातात. हिवाळ्यात वेळा आणि उघडे भाग बदलतात, तेव्हा तारीख ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा: चाक चालू आहे का, म्यूल आणि मागांचं प्रात्यक्षिक किती वाजता, अप्रेंटिस हाउसची पुढची मोकळी वेळ कोणती. जिने चढउताराचे आहेत आणि दरीतून वर यायचा रस्ताही चढाचा आहे. गुडघ्यांचा त्रास असेल तर लिफ्टची आणि वाहनाची चौकशी आधीच केलेली बरी. पावसाचं जाकीट उन्हाळ्यातही घ्या. ओलावा हा या भागाचा गुण आहे, कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तर कापसाने हा प्रदेश धरला.

पूर्ण बघायचं तर पाच तास हवेत. दोनच तास हाती असतील तर हातमाग, चरखा आणि बागा सोडून द्या. बंधारा, चाकाचं दालन, म्यूल आणि अप्रेंटिस हाउस या क्रमाने जा. आणि तासभर उरला तर नदीकाठाने खालच्या अंगाला चाला, जायंट्स कॅसलच्या दिशेने, चाकाखालून निघालेलं पाणी ज्या भागात भुयारातून पुन्हा नदीला मिळतं तिकडे.